डोळे कोरडे पडतात, पापण्या सुजतात : नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची

डोळ्यात सतत काहीतरी खुपतंय, सकाळी पापण्या चिकटलेल्या, पापणीची कड लाल, संध्याकाळी तर चुरचुर इतकी की मोबाईलकडे बघवत नाही, आणि डॉक्टर म्हणाले ड्राय आय आहे, थोडा ब्लेफरायटिस (पापणीच्या कडेची सूज) आहे, हे ड्रॉप घाला, दोन मिनिटात बाहेर. हे वाचून आपलंच वर्णन वाटत असेल तर हे तुमच्यासाठीच लिहिलंय. मी नागपूरला राहते, अकाउंट्सचं काम, दिवसाचे नऊ तास एक्सेलसमोर. सहा वर्षं झाली मला हे होऊन आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी नुसते ड्रॉप घालत बसले कारण पापण्यांकडे बघायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नाही. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. औषधाचं जिथे जिथे येईल तिथे निर्णय तुमच्या डॉक्टरचा.

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं कंटाळवाणं वाटेल

अश्रू म्हणजे नुसतं पाणी नसतं. डोळ्याला धरून एक चिकट थर, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा एकदम पातळ थर. ते तेल पाणी उडून जाऊ देत नाही. हे तेल येतं पापणीच्या आतल्या ग्रंथींमधून, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०, त्यांची तोंडं पापणीच्या कडेला पापण्यांच्या केसांच्या मागे ओळीने असतात. मायबोमियन ग्रंथी म्हणतात त्यांना, हाइनरिख मायबोम नावाच्या जर्मन डॉक्टरने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं म्हणून.

आता नागपूरच्या डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली कशी थिजते आठवा. बाटली उलटी केली, दाबली, तरी थेंब येत नाही, मग आपण ती गरम पाण्याच्या गडूत उभी करतो. आपल्या पापणीत नेमकं हेच झालेलं असतं. तेल घट्ट होतं, तोंडाशी अडकतं, कडेला सूज येते, जंतू वाढतात, सूज आली की तेल आणखी बिघडतं आणि हे चक्र चालूच राहतं. वरचं तेल नाही म्हणून पाणी भराभर उडतं आणि डोळा कोरडा. ज्यांना ड्राय आय आहे त्यातल्या बहुतेकांच्या दुखण्यात या तेलाचा हात असतोच, म्हणून वरून कितीही ड्रॉप घातले तरी ते अर्ध्या तासात उडून जातात.

आणि हो, डोळ्यातून घळाघळा पाणी येत असेल तरीही ते ड्राय आय असू शकतं. डोळा कोरडा पडून चुरचुरला की मेंदू घाबरून भसकन पाणी सोडतो, पण त्या पाण्यात तेल नसतं म्हणून ते टिकत नाही, गालावर ओघळून जातं. माझ्या सासूबाई म्हणायच्या अगं तुझ्या डोळ्यात तर पाणी आहे, कोरडे कुठून असणार. त्यांची काही चूक नव्हती, मलाही ते पटायला वेळच लागला.

पायरी १ : नीट तपासून घ्या

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून हे कळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, जमलं तर कॉर्नियावाल्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) डॉक्टरकडे, आणि तोंडाने विचारा की पापण्यांच्या ग्रंथी बघितल्या का, दाबल्यावर तेल कसं येतं. हे विचारायला लाजू नका. माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी मशीनसमोर बसवून खालची पापणी हलकेच दाबली आणि मला फोटो दाखवला, पातळ तेलाऐवजी टूथपेस्टसारखा पांढरा घट्ट धागा बाहेर आला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं दुखणं मला डोळ्यासमोर दाखवलं, मी तिथेच रडले.

दोन टेस्ट साध्या असतात. एकात खालच्या पापणीत कागदाची पट्टी ५ मिनिटं अडकवतात आणि किती मिलिमीटर भिजली बघतात, १० च्या वर असेल तर साधारण ठीक, ५ च्या खाली म्हणजे पाणीच कमी बनतंय. दुसऱ्यात पिवळा रंग लावून निळ्या उजेडात बघतात की पापणी न मिटता अश्रूंचा थर किती सेकंदात फुटतो, १० सेकंदांच्या आत फुटला तर गडबड. माझी पट्टी छान भिजली होती पण थर चारच सेकंदात फुटत होता, म्हणजे पाणी भरपूर, तेल नाही. तुमचं उलटंही असू शकतं किंवा दोन्ही, आणि उपाय त्यावरच ठरतो, म्हणून हे आकडे लिहून घ्या आणि फाईलला लावा.

जाताना तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. सर्दी ॲलर्जीच्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या, डिप्रेशनची काही औषधं, पिंपल्ससाठीची आयसोट्रेटिनॉइन, काचबिंदूचे ड्रॉप, या सगळ्यांनी डोळे कोरडे पडू शकतात. स्वतः बंद करू नका पण सांगा जरूर. लेसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) झालं असेल, कॉन्टॅक्ट लेन्स असतील, पाळी जायच्या वयात असाल, डायबेटीस असेल तर तेही सांगा. आणि डोळ्यांबरोबर तोंडही इतकं कोरडं पडत असेल की पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, किंवा सांधे दुखत असतील, तर हे नक्की सांगा. जोग्रेन नावाचा आजार आहे ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, बायकांमध्ये तो खूप जास्त दिसतो, आणि त्याला संधिवाताच्या डॉक्टरकडे जावं लागतं.

पापण्यांच्या केसांच्या मुळाशी बारीक नळीसारखा कोंडा दिसत असेल आणि खाज खूप असेल तर डेमोडेक्सबद्दल विचारा. बारीक किडे असतात ते, डोळ्याला दिसत नाहीत, वय वाढतं तसे बऱ्याच माणसांच्या अंगावर असतातच, त्यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. त्याला टी ट्री ऑइलवाले तयार वाइप्स किंवा फोम मिळतात, पण बाटलीतलं शुद्ध टी ट्री ऑइल आणून कधीही लावू नका, डोळा भाजतो.

पायरी २ : शेक, रोज, मनापासून

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि लोक सगळ्यात आधी हीच सोडतात.

तेल पातळ व्हायला पापणीला साधारण ४० डिग्रीची ऊब सलग लागते, ५ ते १० मिनिटं. आपण काय करतो, रुमाल गरम पाण्यात बुडवतो, पिळतो, डोळ्यावर ठेवतो, आणि तो दोन मिनिटात गार होतो. मग म्हणतो शेकाने काही फरक पडला नाही. रुमालच वापरायचा असेल तर दोन रुमाल घ्या, शेजारी गरम पाण्याचं पातेलं ठेवा, दर मिनिटाला बदला. मी ते महिनाभर केलं, हात भाजले आणि कंटाळले.

नंतर मी जवसाची पिशवी शिवली. आपल्या विदर्भात जवस घरात असतोच, चटणीसाठी आणलेला. जुन्या मऊ सुती ओढणीचा तुकडा घेऊन दोन्ही डोळ्यांवर बसेल अशी लांबट पिशवी, त्यात दीड-दोन मुठी जवस, तोंड शिवून टाकलं. मायक्रोवेव्हमध्ये २० सेकंद, बाहेर काढून हलवायची, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, चटका बसत नाही ना, मग आणखी हवं असेल तर ५-१० सेकंद. मायक्रोवेव्ह नसेल तर तांदूळ कढईत गरम करून सुती मोज्यात घाला, पण तो एकसारखा तापत नाही म्हणून जास्त जपून. पापणीची कातडी फार पातळ असते, भाजल्याचं नंतर कळतं. पिशवीला वास यायला लागला की बिया बदला.

आडवं पडा, डोळे मिटा, पिशवी ठेवा, वरून दाबू नका. मोबाईलवर गाणी लावा किंवा बातम्या ऐका, नुसतं पडून राहायला जमत नसेल तर. सुरुवातीला सकाळ संध्याकाळ दोन वेळा, बरं वाटायला लागल्यावर रोज एकदा. शेक काढल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं, ते जातं, पण लगेच गाडी चालवायला निघू नका.

एकच डोळा अचानक लाल झाला, दुखतोय, घाण येतेय, असं असेल तर मात्र शेक वगैरे थांबवा आणि आधी डॉक्टरला दाखवा.

पायरी ३ : लगेच मालिश

पिशवी काढल्या काढल्या, तेल परत थिजायच्या आत. हात धुतलेले, नखं कापलेली. वरच्या पापणीवर बोट वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने, कारण ग्रंथींची तोंडं तिथे आहेत. प्रत्येक पापणीवर आठ दहा वेळा, नाकाकडून कानाकडे सरकत. दाब किती, तर पिकलेल्या चिकूची साल न फाटता आत मऊ आहे का बघतो तेवढाच. डोळ्याच्या गोळ्यावर जोर द्यायचा नाही. काचबिंदू असेल किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय मालिश करूच नका.

मालिशनंतर डोळ्यात चिकट वाटतं, थोडं जळजळतं. ते जुनं बिघडलेलं तेल बाहेर आलेलं असतं.

पायरी ४ : पापणीची कड पुसणं

उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस किंवा स्वच्छ मऊ कापड भिजवा, डोळा मिटा, केसांच्या मुळाशी आडवं हलकेच पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. तयार लिड वाइप्स किंवा पापण्यांसाठीचा फोम मेडिकलमध्ये मिळतो, महाग पडतो पण खपल्या जास्त असतील तर पहिले दोन महिने तरी घ्या. पूर्वी बेबी शाम्पू पाण्यात मिसळून लावायला सांगायचे, मीही केलंय, पण त्याने मला कोरडेपणा वाढल्यासारखं वाटायचं आणि आता बरेच डॉक्टर त्यापेक्षा पापण्यांसाठी बनवलेली वस्तू घ्यायला सांगतात.

काजळ. हे मला सांगायला जड जातं कारण मी कॉलेजपासून काजळाशिवाय घराबाहेर पडत नव्हते. पण पापणीच्या आतल्या कडेला काजळ लावणं म्हणजे त्या ग्रंथींच्या तोंडावर लेप देणं. सूज असेपर्यंत पूर्ण बंद. पुढे लग्नकार्याला लावलंच तर केसांच्या बाहेरच्या बाजूने, आणि रात्री झोपायच्या आधी पूर्ण काढून. सुरमा तर नकोच, त्यात शिसं असू शकतं.

आईने गुलाबपाणी सांगितलं, शेजारच्या काकूंनी मध, कोणी गाईचं तूप. सगळे प्रेमाने सांगतात, ऐकून घ्या, पण घरातलं काहीही डोळ्यात घालू नका. ते निर्जंतुक नसतं आणि कोरड्या डोळ्याचा वरचा थर आधीच सोललेला असतो, तिथे जंतू गेले तर बुबुळावर जखम होते.

पायरी ५ : ड्रॉप, पण कुठले आणि कसे

दुकानात चार प्रकारचे ड्रॉप एकाच काउंटरवर मिळतात आणि नवीन माणसाची इथेच फसगत होते.

पहिले म्हणजे आर्टिफिशियल टीअर्स. लेबलवर कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज, सोडियम हायल्युरोनेट, पॉलिइथिलीन ग्लायकॉल असली नावं असतात. हे आपले. तेलाची कमतरता असेल तर तेल मिसळलेले टीअर्सही येतात, डॉक्टरला विचारून बघा. दिवसातून चार वेळांपेक्षा जास्त लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह (ड्रॉप टिकावा म्हणून घातलेलं रसायन) नसलेले घ्या, एकेकदा वापरायच्या छोट्या कुप्या असतात किंवा खास बाटली. जुन्या धाटणीच्या बऱ्याच ड्रॉपमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते रोज खूप वेळा गेलं की डोळ्याच्या पृष्ठभागालाच त्रास देतं, म्हणजे कोरडेपणासाठी घातलेला ड्रॉपच कोरडेपणा वाढवतो. माझं पहिल्या वर्षी हेच झालं, दिवसाला दहा दहा वेळा घालत होते.

दुसरे, लाली घालवणारे. दोन मिनिटात डोळा पांढराशुभ्र. नॅफाझोलिनसारखं औषध रक्तवाहिन्या आवळतं, असर उतरला की लाली आधीपेक्षा जास्त. रोजच्या वापराला अजिबात नको.

तिसरे अँटिबायोटिक, डॉक्टरने सांगितले तेवढेच दिवस.

चौथे स्टेरॉइडवाले. यावर मी हात जोडून सांगते. मेडिकलवाल्याला डोळा लाल आहे म्हटलं की तो बऱ्याचदा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली बाटली देतो, लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल असं काही असतं, आणि जादूसारखं बरं वाटतं. मग माणूस दर महिन्याला तीच बाटली आणतो. डोळ्यातलं प्रेशर वाढतं, ते दुखत नाही, कळत नाही, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होतो. सूज जास्त असेल तर डॉक्टर स्वतः थोडे दिवस स्टेरॉइड देतात, मलाही दोनदा दिलं, पण तारीख ठरवून, कमी करत, प्रेशर तपासून. घरातल्या डब्यात पडलेल्या जुन्या बाटलीचं लेबल आज वाचा.

ड्रॉप घालताना एकच थेंब, डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही. डोकं मागे, खालची पापणी ओढून तिथे झालेल्या खोबणीत थेंब, मग मिनिटभर हळूच डोळा मिटून ठेवा, मिचकावू नका. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये ५ ते १० मिनिटं, घट्ट असेल तो शेवटी. उघडल्याची तारीख स्केचपेनने बाटलीवर लिहा, साधी बाटली महिन्याने फेकायची, निम्मी उरली तरी. २०२३ मध्ये अमेरिकेत जंतू असलेल्या आर्टिफिशियल टीअर्समुळे काही लोकांची नजर गेली होती, त्यामुळे सील तुटलेली, गढूळ झालेली, कोणाकडून उसनी घेतलेली बाटली नको म्हणजे नकोच.

रात्री जेल किंवा मलम. धूसर दिसतं म्हणून सगळी कामं आटोपून अगदी झोपतानाच. आणि घरातल्या कोणाला तरी सांगा की मी झोपले की बघ माझे डोळे पूर्ण मिटतात का. काहींचे रात्रभर किलकिले राहतात आणि सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो.

पायरी ६ : हवा, पंखा, स्क्रीन

आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो, स्क्रीनसमोर ते निम्म्यावर येतं किंवा त्याहूनही कमी, आणि जे लववतो तेही अर्धवट. पापणी पूर्ण मिटली तरच ग्रंथीतून तेल पिळून निघतं. मी मॉनिटरच्या कडेला एक टिकली चिकटवलीय, नजर गेली की डोळे पूर्ण मिटायचे, दोन सेकंद धरायचे, उघडायचे, असं पाच वेळा. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायचं हा नियम सगळे सांगतात, तोही करा. मॉनिटर डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवा म्हणजे डोळा कमी उघडा राहतो.

एसीचा झोत तोंडावर येत असेल तर जागा बदलून मागा. मी साहेबांना डॉक्टरची चिठ्ठी दाखवली तेव्हा कुठे जागा मिळाली, कारण बाहेरून डोळे चांगलेच दिसतात, लोकांना वाटतं कामचुकारपणा आहे. रात्री पंखा पायाकडून. कूलरची हवा ओलसर असते, एसीपेक्षा बरी, पण सरळ चेहऱ्यावर नको. एप्रिल-मेच्या लूमध्ये ॲक्टिव्हावर जाताना बाजूने बंद असलेला गॉगल किंवा पूर्ण काचेचं हेल्मेट. स्कार्फ बांधताना नाकावर घट्ट बसवा, नाहीतर आपलाच गरम श्वास वर डोळ्यात जातो. थंड देशात राहणाऱ्यांनी कारचा हीटर पायाकडे वळवून ठेवा.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलबद्दल सगळे विचारतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात रोज ३००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना ऑलिव्ह ऑइल घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. मी बंद केल्या, ते पैसे वाइप्सवर घालते. जवसाची चटणी आवडते म्हणून खाते.

पायरी ७ : एवढ्याने भागलं नाही तर

दोन तीन महिने वरचं सगळं नियमाने करून बघा, मग डॉक्टरकडे परत जा. पुढचं औषध म्हणजे पापणीला लावायचं अझिथ्रोमायसिन किंवा काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, इथे त्या जंतूंपेक्षा सूज कमी करायला देतात. गोळी भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात कातडी लवकर भाजते, आणि दिवस असतील किंवा राहण्याची शक्यता असेल तर आधी सांगायचंच. सायक्लोस्पोरिनचे ड्रॉपही देतात, ते घातल्यावर जळजळतं आणि फायदा कळायला तीन ते सहा महिने लागतात. मी पाचव्या आठवड्यात ते सोडणार होते, डॉक्टरांनी थांबवलं, चौथ्या महिन्यात पहिल्यांदा सकाळी डोळे न चुरचुरता उघडले.

अश्रू डोळ्यातच टिकावेत म्हणून ते वाहून नेणाऱ्या छिद्रात बसवायचे प्लग असतात, आयपीएलसारख्या (प्रखर उजेडाचे झोत देणाऱ्या) मशीनच्या ट्रीटमेंट असतात, त्या महाग आहेत आणि पुन्हा पुन्हा कराव्या लागू शकतात. घरचा शेक नियमाने न करता थेट तिकडे पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. प्लग बसवायचा असेल तर पापणीची सूज आधी आटोक्यात आलेली बरी.

एका वेळी एकच गोष्ट बदला. वहीत रोज एक ओळ, सकाळचा त्रास दहापैकी किती, संध्याकाळचा किती, आज नवीन काय केलं. आठ दिवसात काही कळत नाही, दोन महिन्यांची पानं उलटली की कळतं. माझे आठ-नऊ आता दोन-तीनवर असतात, एखाद्या आठवड्यात परत सहा होतात, तेव्हा शेक दोन वेळा सुरू. पहिल्या वर्षी रात्री मला एकच भीती असायची, आपण आंधळे होणार का. या दुखण्याने बहुतेकांची नजर जात नाही, हे तुम्हाला आज कोणीतरी सांगायला हवं म्हणून लिहिलं.

यात वाट बघायची नाही

नजर अचानक कमी झाली, पापणी लववूनही धूसरपणा जात नाही, उजेड सहन होत नाही, ठणकतंय, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, कॉन्टॅक्ट लेन्स वापरता आणि डोळा लाल झाला (लेन्स लगेच काढा), पापणीची सूज गालापर्यंत पसरली आणि ताप आहे, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. रांजणवाडी एकाच जागी परत परत येत असेल किंवा तिथले पापणीचे केस गळत असतील तर त्याच दिवशी नाही पण त्याच आठवड्यात दाखवा. रात्र असेल तर मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जा, आणि जाताना घरातल्या सगळ्या ड्रॉपच्या बाटल्या एका पिशवीत घालून न्या, रिकाम्या सुद्धा, काय काय घातलं हे घाईत आठवत नाही पण लेबलवरून डॉक्टरला लगेच कळतं.